धुक्याखाली

नोव्हेंबर लागला की दिल्लीतल्या गृहिणी रजया उन्हात घालतात. २०२४ च्या नोव्हेंबरात घालायला ऊनच नव्हते. तरी सवयीने मी त्या काढायला घेतल्या. आमच्या स्वयंपाकघराबाहेरच्या पोटमाळ्यावर (इथे त्याला दुछत्ती म्हणतात) रजयांच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेला एक संगणक सतरा वर्षे पडून होता. तो टाकून द्यायचा असे दर दिवाळीला ठरे आणि दर दिवाळीला राहून जाई.

तो आठवडा वर्तमानपत्रांतून गाजला. १८ तारखेला दिल्लीच्या हवेचा निर्देशांक ४९० च्या पुढे गेला. हा निर्देशांक ५०० पर्यंतच मोजतो. त्यापुढे मोजण्याची सोय त्यात ठेवलेली नाही. शाळा बंद झाल्या, बांधकामे थांबली. आमच्या सातव्या मजल्यावरच्या सज्जातून सकाळी पाहिले, तर समोरच्या सोसायट्यांच्या इमारती कमरेपासून खाली विरघळून गेल्यासारख्या दिसत होत्या. गच्च्या तेवढ्या वर राहिल्या होत्या. गच्च्या, पाण्याच्या टाक्या आणि एका गच्चीवरची वाळत घातलेली, कोणी काढून न नेलेली साडी. हे दृश्य आपण पूर्वी कुठे तरी पाहिले आहे, असे मला सारखे वाटत होते. संगणकावरची चादर सोडवताना ते कुठे पाहिले, हे आठवले.

पण त्याआधी मी इथे, द्वारकेत, कशी आले ते सांगायला हवे.

मी अमरावतीची. आमच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले, असे आम्ही अमरावतीकर मानतो. वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तिथले लोक तो मान आपल्या अंबिकेच्या देवळाला देतात. मग दोन्ही गावांची समजूत पटावी म्हणून एका देवळातून दुसऱ्या गावापर्यंत भुयार होते, अशीही कथा सांगतात. ते काही असो. विदर्भातली मुलगी शेवटी द्वारकेला गेली, याविषयी दुमत नाही. २००३ साली यजमानांना दिल्लीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत सदनिका मिळाली आणि जागेचे नाव द्वारका असे कळले, तेव्हा माझी आई खूप हसली होती. “वऱ्हाडातली पोरगी, ते द्वारकेतच जाईन,” असे ती शेजारणीला सांगत सुटली. ही द्वारका समुद्रकाठी नसून पप्पनकलां नावाच्या जुन्या वस्तीच्या शिवारावर दिल्ली विकास प्राधिकरणाने वसवलेली आहे, तिच्यात सोन्याच्या नगरीसारखे काही नाही, पाण्याचे टँकर येतात आणि डोक्यावरून दर काही मिनिटांनी विमान जाते, हे मी तिला सांगितले नाही.

त्या वेळी मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत होते. ती नोकरी सोडून आले. सोडताना कोणी आग्रह केला नाही आणि कोणी अडवलेही नाही, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे.

पहिल्या हिवाळ्यात मी धुके पाहिले आणि हरखून गेले. धुके म्हणजे माझ्या लेखी चिखलदरा. श्रावणात आम्ही मुली बसने तिथे जात असू. मेळघाटच्या कड्यावर उभे राहिले की दरीतून पांढरे ढग वर चढत येत आणि हातात धरलेले कणीसही दिसेनासे होई. त्या दरीला कीचकदरा म्हणतात. भीमाने कीचकाला मारून तिथे फेकले, जवळच्या भीमकुंडात हात धुतले, आणि कीचकदऱ्याचे पुढे चिखलदरा झाले, असे लोक सांगतात. दरीत काही दिसत नाही तोपर्यंत कीचक तिथेच असतो. ऊन पडले की नसतो. लहानपणी मला हे पुरे वाटे.

दिल्लीचे धुके निराळे. ते कुठून चढून येत नाही, जमिनीतूनच निघते. वारा पडलेला असतो, रात्री लांब असतात, पावसाची एखादी सर येऊन माती ओली झालेली असते. आणि पहाटे पाहावे तर सारा परिसर दुधात बुडालेला. आमच्या आसपास तेव्हा निम्म्या इमारती अर्धवट होत्या. सातव्या मजल्यावरून सळ्यांची टोके आणि क्रेनच्या माना धुक्यावर तरंगताना दिसत. तेव्हा कोणी निर्देशांक सांगत नसे. मी सज्जात चहाचा पेला घेऊन उभी राहत असे आणि घरी पत्रातून त्या धुक्याची वर्णने लिहीत असे. ती पत्रे आता माझ्याकडेच परत आली आहेत. त्यांत उपमा फार आहेत.

आता खेळाकडे येते.

२००४ साली, मुलगा दहा वर्षांचा असताना, यजमानांनी नेहरू प्लेसच्या फरशीवर मांडलेल्या तबकड्यांतून एक तबकडी त्याच्यासाठी आणली. तिच्यावर स्पायडर-मॅनचे पुसट छापलेले चित्र होते. कॅलिफोर्नियातल्या नेव्हरसॉफ्ट या मंडळींनी हा खेळ प्लेस्टेशनसाठी तयार केला, तो २००० साली आला आणि वर्षभराने त्याची संगणकावरची आवृत्ती निघाली, हे मला पुष्कळ नंतर कळले. तेव्हा एवढेच समजले की, लाल-निळ्या पोशाखातला एक माणूस गच्चीवरून गच्चीवर उड्या मारतो आणि माझ्या मुलाची दुपारची झोप गेली.

खेळाच्या आरंभी एक वृद्ध, खणखणीत आवाज प्रेक्षकांचे स्वागत करतो, प्रयोगाची ओळख करून देतो. मी त्याला सूत्रधार म्हणत असे. “आई, तो स्टॅन ली आहे, त्यानंच स्पायडर-मॅन बनवला,” असे मुलगा चिडून सांगे. १९६२ मध्ये चित्रकार स्टीव्ह डिट्कोच्या साथीने ज्याने हा नायक जन्माला घातला, तो लेखक स्वतःच नांदीला येऊन उभा राहतो, ही गोष्ट मला फार आवडली. आपल्या नाटकांत सूत्रधार नटीला हाक मारून निघून जातो. इथला मात्र मधून मधून पुन्हा बोले. हातात सूत्र धरणारा तो सूत्रधार. इथे नायकाच्या हातातही सूत्रच होते.

ते सूत्र मात्र विलक्षण होते. नायक मनगटातून जाळ्याचा धागा फेकी आणि त्याला लोंबकळून पुढच्या गच्चीवर जाई. परंतु तो धागा कशाला चिकटला आहे, हे दिसत नसे. वर आभाळच असे. आभाळात कुठे तरी तो लागे आणि धरून राही. पुढे २००४ सालीच ट्रेयार्क या कंपनीने याच नायकावर जो खेळ काढला, त्यात धागा खऱ्याखुऱ्या इमारतींनाच चिकटू लागला आणि जाणकारांनी त्याची वाहवा केली. आमच्या खेळात ही अडचण कोणालाच पडली नव्हती.

आणि खाली धुके. न्यूयॉर्कचे रस्ते एका विषारी वायूने भरलेले आहेत, म्हणून नायकाला वरच्या वरच राहिले पाहिजे, अशी कथानकातली तरतूद. डॉक्टर ऑक्टोपस आणि कार्नेज या दोन खलपुरुषांनी तो वायू सोडलेला असतो. गच्चीवरून पाय निसटला की नायक त्या धुक्यात बुडे आणि संपे. मुलाने पहिल्याच दिवशी मला विचारले होते:

“आई, खाली काय आहे?”

“खाली काही नाही. खाली गेलं की संपलं.”

“पण न्यूयॉर्क आहे ना?”

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

डिसेंबर २००५ च्या दुसऱ्या आठवड्यात तो सोसायटीच्या सायकली ठेवण्याच्या शेडवरून पडला. शेडवर कशाला चढला होता, हे विचारावे लागले नाही. उजव्या हाताचे हाड मनगटाच्या वर मोडले होते. सहा आठवड्यांचे प्लास्टर बसले. दवाखान्यातून येताना रिक्षात मी मनाशी ठरवले की, घरी गेल्याबरोबर ती तबकडी मोडून टाकायची. घरी पोचलो तेव्हा तो म्हणाला, “आई, आता तू खेळ. मी सांगतो.”

एखाद्या पांढऱ्या ओंडक्यासारखा हात उशीवर ठेवून बसलेला अकरा वर्षांचा मुलगा हे बोलला, तर काय करणार? ज्या खेळापायी त्याचा हात गेला, त्या खेळाला मी माझे दोन्ही हात दिले.

मला पहिली गच्ची ओलांडायला दोन दिवस लागले. त्या खेळात अगदी लहान मुलांसाठी एक सोपी पातळी ठेवली आहे. चिरंजिवांनी कपाळाला आठ्या घालून मला तिच्यावर बसवले. कीबोर्डवरच्या बाणांच्या खुणा आणि चार अक्षरे, एवढेच माझे राज्य. “उडी! आई, उडी! आता जाळं! सोड, सोड ना!” हा घोष सकाळ-संध्याकाळ चाले. बँकेतल्या ओलिसांना सोडवायचे. तिथला बॉम्ब उचलून तिजोरीच्या खोलीत नेऊन टाकायचा. ते झाले की विंचवाच्या पोशाखातल्या एका खलपुरुषाच्या तावडीतून वर्तमानपत्राच्या खाष्ट संपादकाला वाचवायचे. आणि वाचवल्यावर तोच संपादक नायकावर पोलीस सोडतो. त्या प्रसंगी मला खरोखर राग आला. मुलगा समजुतीने म्हणाला, “तो नेहमी असंच करतो.”

आमचे भांडण व्हायचे ते जाळ्यावरून. धाग्याचा साठा मोजका असे. संपला की लोंबकळता येत नाही. गच्च्यांवर ठिकठिकाणी त्याच्या नळ्या ठेवलेल्या असतात, त्या वेचायच्या. मी प्रत्येक नळी वेचत असे, आडवाटेची गच्चीसुद्धा सोडत नसे. आणि शत्रूवर जाळे फेकण्याऐवजी त्याला नुसत्या ठोशांनी मारत असे, का, तर जाळे शिल्लक राहावे. महिनाअखेरचे बजेट सांभाळणाऱ्या बाईच्या हाती नायक गेल्यावर दुसरे काय होणार? मुलगा कळवळून म्हणे, “आई, जाळं वाचवून काय करणार आहेस?”

संध्याकाळी हात ठणके. मग मी गोष्ट सांगे. कीचकाची गोष्ट तेव्हाच सांगितली. विराटाच्या मुदपाकखान्यात भीम बल्लव होऊन राहतो, दिवसभर पोळ्या लाटतो, आणि रात्री नृत्यशाळेत जाऊन कीचकाला मारतो.

“पण त्यानं कुणाला सांगितलं का नाही, मी भीम आहे म्हणून?”

“अज्ञातवास होता ना.”

थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, “म्हणजे पीटर पार्कर.”

मराठीचे वर्ग घेताना इतके नेमके उत्तर मला क्वचितच मिळाले होते.

३१ डिसेंबर २००५ ला द्वारकेपर्यंत मेट्रो सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात, प्लास्टर गळ्यात अडकवून, आम्ही ती पाहायला गेलो. सायकलरिक्षाने स्थानकापर्यंत आलो, तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि धुके हटले नव्हते. गाडी खांबांवरून निघाली. नवादा आणि उत्तमनगरच्या दाट वस्तीत घरांच्या गच्च्या रुळांना अगदी खेटून आहेत. खालचे काही दिसत नव्हते, आणि खिडकीजवळून एकामागून एक गच्च्या सरकत होत्या. पाण्याच्या टाक्या, कबुतरांची खुराडी, एका गच्चीवर दाढी करत बसलेला माणूस. मुलाने डावा हात काचेवर टेकवला होता. “आई,” तो हलकेच म्हणाला, “आपण गेममध्ये आहोत.” इतका आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला असेन, पण त्याला साक्षी म्हणून मी एकटी होते, असे पुन्हा झाले नाही.

इथवरचे मी अनेकांना सांगितले आहे. पुढचे सांगितलेले नाही.

त्याच जानेवारीत अमरावतीला माझी आई आजारी होती. दादाचा पहिला फोन डिसेंबरच्या अखेरीस आला. “जमलं तर येऊन जा,” असे तो म्हणाला. दादा कधी “ये” असे म्हणत नसे. त्याचे “जमलं तर” किती जड आहे, हे मला कळत होते. मी म्हटले, “प्लास्टर निघालं की येते.” आईशीही बोलले. तिचा आवाज बारीक झाला होता, पण ठसका तोच. “तू पोराकडे पाह्य व आधी. मी कुठी पयून चालली?”

आठ दिवसांनी दादाने पुन्हा फोन केला. मी पुन्हा प्लास्टरचे सांगितले. यजमान म्हणाले होते, “मी आठ दिवस रजा काढतो, तू जाऊन ये.” त्यांना मी काय उत्तर दिले, ते मला आठवत नाही. एवढे आठवते की, फोन ठेवून मी संगणकापुढे जाऊन बसले आणि पोलिसांचे हेलिकॉप्टर पाठीस लागते तो भाग आम्ही त्या दिवशी पार केला. चिरंजीव एका हाताने नाचले.

तिसरा फोन वीस तारखेच्या सुमारास आला. त्यात “जमलं तर” नव्हते. मी त्याच रात्री नागपूरच्या गाडीत बसले. गाडी धुक्यात अडकली. मथुरेच्या अलीकडे ती कितीतरी तास उभी होती. खिडकीबाहेर काहीच नव्हते. कोणी तरी कागद लावून खिडकी बंद करावी, तसे. समोरच्या बाकावरचे गृहस्थ दर अर्ध्या तासाने म्हणत, “कोहरा है, क्या कर सकते हैं.” नागपूरला गाडी नऊ तास उशिरा पोचली. तिथून अमरावतीला गेले. अंगणात खूप चपला होत्या. आईला नेऊन तीन तास झाले होते.

दादा काही बोलला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मीच आपणहोऊन सांगत होते: गाडी धुक्यात अडकली. आणि तत्पूर्वी मुलाचे प्लास्टर. सगळे मान हलवत. दोन्ही कारणे कोणालाही पटण्यासारखी होती.

फेब्रुवारीत परत आले तेव्हा प्लास्टर निघाले होते. मुलाचा हात बारीक आणि फिकट झाला होता. खुर्चीवर तो बसला होता. “आई, आता मी,” असे म्हणून त्याने माझ्याकडे पाठ केली, आणि त्यात वावगे काही नव्हते. त्याच दुपारी तो शाळेत असताना मी ती तबकडी काढली आणि लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, आईच्या चष्म्याच्या घराखाली, ठेवून दिली. त्याने चार दिवस घर पालथे घातले. मलाही विचारले. मी नाही म्हणाले. पुढच्या वर्षी त्याला नवा संगणक आला आणि जुना पोटमाळ्यावर गेला.

तर तो संगणक गेल्या त्या नोव्हेंबरात खाली आला. सेक्टर सहाच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्या पोराने आधी हसून पाहिले, मग आतली धूळ झटकून एक सेल आणि वीजपुरवठ्याचा डबा बदलला. “आंटी, चल पड़ा!” असे तो ओरडला, तेव्हा त्यालाच जास्त आश्चर्य वाटलेले दिसले. सेल मेल्यामुळे यंत्राचे घड्याळ थांबले होते; पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००२ अशी तारीख आली. ती दुरुस्त करू का, असे त्याने विचारले. राहू दे, म्हटले.

सूत्रधाराचा आवाज आला. तो आवाज ज्याचा, तो १२ नोव्हेंबर २०१८ रोजी पंचाण्णवाव्या वर्षी वारला. पण स्वागतातला उत्साह जराही कमी झालेला नव्हता. मी लहान मुलांची पातळी निवडली. बोटांना बाणांची जागा आपोआप सापडली. डोक्यापेक्षा बोटांची आठवण बरी असते. मला वाटले होते की आता, इतक्या वर्षांनी, तो खेळ ओबडधोबड दिसेल. तसा तो दिसलाच. नायकाचे हात ठोकळ्यांचे आहेत, इमारतींच्या खिडक्या कागदावर छापल्यासारख्या सपाट. मुलगा मध्यंतरी आला होता तेव्हा त्याने मला याच नायकाचा २०१८ चा खेळ दाखवला होता. त्यात सारे मॅनहॅटन आहे, रस्त्यावर उतरता येते, पादचारी ओळख देऊन हात हलवतात. तो पाहताना मी “वा” म्हटले होते आणि मला झोप येत होती. या ठोकळ्यांपुढे मात्र मी सरळ बसले. गच्चीच्या कठड्यावर नायकाला नेऊन उभे केले आणि खाली पाहत राहिले. धुके हलत नाही, हे तेव्हा लक्षात आले नव्हते. ते नुसता एक रंग आहे.

मग मी त्याविषयी वाचले. ज्या मूळ यंत्रासाठी हा खेळ रचला, त्या प्लेस्टेशनची मुख्य स्मृती अवघी दोन मेगाबाइटची. स्केटबोर्डच्या ज्या खेळाने ही मंडळी नावारूपाला आली, त्याच्याच सांगाड्यावर त्यांनी हा नवा खेळ उभारला होता. उंच इमारती, त्यांवरून वेगाने झेपावणारा नायक आणि शिवाय खाली रहदारीचे रस्ते, हे सारे एकदम रेखाटणे त्या यंत्राला झेपणारे नव्हते. म्हणून खालचे शहर गाळले. गाळलेली जागा दिसू नये म्हणून तिच्यावर धुके ओढले. आणि धुके का, असे कोणी विचारील म्हणून विषारी वायूची, दोन खलपुरुषांची, अख्ख्या मनुष्यजातीवरच्या संकटाची कथा तिच्याभोवती गुंफली. कारागिरी म्हणून हे मला फार हुशारीचे वाटते. असमर्थता आधी आली, गोष्ट मागून आली. आणि गोष्ट इतकी चांगली जमली की वीस वर्षे कोणी असमर्थतेकडे पाहिले नाही. मीही नाही. एका मुलाने पहिल्या दिवशी पाहिले होते, त्याला मी काही नाही म्हणून सांगितले.

हे वाचले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. यजमानांनी रजा काढली असती. शेजारच्या वहिनी जेवणाचे पाहतो म्हणाल्या होत्या. अकरा वर्षांच्या मुलाला आठ दिवस आईवाचून काढता आले असते, डाव्या हाताने त्याने पोहे खाल्ले असते. गाडीला उशीर झाला तो तिसऱ्या फोननंतर. पहिला आणि दुसरा फोन आला तेव्हा धुके होते, पण मी स्थानकावर गेलेच नव्हते. आईला तशा अवस्थेत पाहणे मला झेपणारे नव्हते, एवढीच गोष्ट. ते घर सोडून मी निघून आले होते. ती अंथरुणावर आणि मी पलंगाशी पाहुणीसारखी बसलेली, हे चित्र मला काढता येत नव्हते. ते झाकायला प्लास्टर चांगले होते. पुढे धुकेही आयते मिळाले.

आईला हे कळले असणार. “मी कुठी पयून चालली” या वाक्यात पळणारे दुसरे कोण होते, ते मराठीच्या अध्यापिकेला अठरा वर्षांनी उमगावे, याला काय म्हणावे?

मुलाला रविवारी फोन केला. तो व्हँकुव्हरला असतो. तबकडी सापडली, असे सांगितले. कुठे सापडली, तेही सांगितले. पडद्यावर त्याचा चेहरा क्षणभर स्थिर झाला, जोडणी तुटली असे मला वाटले.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“तेव्हाच. तुझ्या कपाटात पट्टी शोधत होतो. आजीचा चष्मा होता वर. म्हणून नाही काढली.”

मग तो म्हणाला की, त्याच्याकडे आता खूप चांगले खेळ आहेत, पण जाळ्याच्या नळ्या वेचण्याची सवय त्याला माझ्यामुळे लागली आणि अजून सुटत नाही. लिझर्ड येतो त्या गटारापर्यंत पोचलीस का, असे त्याने विचारले. मी म्हटले, अजून बँकेतच आहे.

शाळा बंद असल्यामुळे शेजारच्या सदनिकेतली सहावीतली मुलगी त्या आठवड्यात दुपारी माझ्याकडे असे. तिचे ऑनलाइन वर्ग बारा वाजता संपत आणि आईवडील सातशिवाय येत नसत. ती दोन दिवस माझा खेळ शेजारी बसून पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने न विचारता कीबोर्ड ओढून घेतला. तिला सोपी पातळी अपमानास्पद वाटली. पहिली गच्ची तिने दोन मिनिटांत ओलांडली, जाळ्याची एकही नळी वेचली नाही, आणि कठड्यावर येऊन थांबली.

“आंटी, नीचे क्या है?”

मी शेंगा सोलत होते. हात थांबला. “नीचे बनाया नहीं है,” मी म्हटले. “बनाना चाहते थे. उनसे बना नहीं.”

तिने माझ्याकडे अविश्वासाने पाहिले. मग तिने नायकाला कठड्यावरून सरळ खाली सोडले. पडदा बदलला, खेळ पुन्हा सुरू झाला. ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथून त्याला सोडले. मग तिसऱ्या. संध्याकाळी तिची आई न्यायला आली तोपर्यंत तिचा हा उद्योग चालला होता. प्रत्येक वेळी, धुके यायच्या आधीच्या त्या क्षणी, ती पडद्याजवळ नाक नेऊन पाही.